शिडीच्या जागी भरती झालेला स्टार

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एक लाल पेटी असते. नापास झालेला पार्ट तिच्यात टाकायचा आणि महिनाअखेरीस तो कोणामुळे बिघडला हे ठरवायचं. प्रेस शॉप म्हणतं वेल्डिंगमुळे, वेल्डिंग म्हणतं प्रेस शॉपमुळे, आणि पेटी भरत जाते. किश्श्यांचंही तसंच आहे. कंपनीत काही गंमत घडली की ती आपल्या डिपार्टमेंटची आहे असं कोणी कबूल करत नाही, मग ती माझ्याकडे येऊन पडते. चोवीस वर्षांत माझी पेटी गच्च भरली आहे. उपसायला बसलं की निम्मे किस्से एकाच माणसाचे निघतात. भागवत सोनटक्केचे.

भागवत बास्केटबॉलचा स्टार. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही, आपल्याकडे हा खेळ बघायला येणाऱ्यांत निम्मे जण पार्किंग शोधत आलेले असतात. पण चाकणपासून आकुर्डीपर्यंत ज्या ज्या कंपनीच्या आवारात रिंग टांगलेली आहे, तिथे त्याला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. मी सात वर्षं त्याच्या टीमचा मॅनेजर होतो. माझा स्वतःचा खेळाचा अनुभव कॅरमपुरता, आणि तोही कंबर धरायला लागल्यापासून बंद.

*

आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे ब्रॅकेट बनवते. स्टोअरमध्ये उंच रॅक आहेत, आणि चौथ्या कप्प्यावरचा खोका काढायला शिडी लागायची. एकदा शिडीवरून एक जण घसरला. त्यानंतर सेफ्टीवाल्यांनी शिडी चढायला परमिट लावलं. कशासाठी चढायचं आहे ते फॉर्मवर लिहा, सही घ्या, कमरेला पट्टा बांधा. एक बोल्ट काढायला पाऊण तास जायला लागला.

स्टोअरवाल्यांनी नानाकडे रडगाणं गायलं. नाना म्हणजे आमचा लेबर काँट्रॅक्टर. जुन्या गावातलं शेतकऱ्याचं घर, जमीन एमआयडीसीत गेली आणि नाना माणसं पुरवायला लागला. "तुमचं कँटीन हाय ना, तितं आमचा कांदा व्हायाचा," असं तो अजून प्रत्येक नव्या साहेबाला सांगतो. नाना म्हणाला, "परवापर्यंत बघतो," आणि दुसऱ्याच दिवशी भागवतला घेऊन आला.

भागवत औशाजवळच्या एका खेड्यातला, लातूर जिल्ह्यातला. साडेसहा फूट उंच, आणि दारातून आत येताना मान तिरकी करायची सवय. त्याने जागेवर उभं राहून हात वर केला आणि चौथ्या कप्प्यावरचा खोका खाली ठेवला.

"ह्यो घ्या," नाना म्हणाला. "शिडीबी हाय आन माणूसबी हाय."

स्टोअरच्या इनचार्जने त्यावर लगेच कायझन केला, म्हणजे कामात काय सुधारणा केली त्याचा स्पर्धेचा तक्ता. विषय, शिडीचे निर्मूलन. आधीचा फोटो शिडीचा, नंतरचा फोटो भागवतचा. कायझनला पहिलं बक्षीस मिळालं आणि शिडी भंगारात गेली. भागवत कॉलेजात असताना राज्य पातळीवर बास्केटबॉल खेळला होता हे कोणी विचारलंच नाही. भरतीच्या फॉर्मवर 'इतर कौशल्य' असा रकाना होता. नानाच्या क्लार्कने त्यात 'उंच' एवढंच लिहिलं होतं.

*

मग एमडी साहेब कुठल्याशा मोठ्या कस्टमरच्या प्लँटला जाऊन आले. तिथे कामगार जेवणाच्या सुट्टीत बास्केटबॉल खेळताना दिसले, आणि आपल्याकडे हे का नाही असा प्रश्न साहेबांना पडला. आठवड्यात आमच्या दुचाकी पार्किंगवर पांढरे पट्टे मारले गेले. एचआरने सर्क्युलर काढलं, 'आंतरकंपनी बास्केटबॉल कपसाठी इच्छुक व उंच कर्मचाऱ्यांनी नावे द्यावीत.' मॅनेजर कोणाला करायचं हे ज्या मीटिंगमध्ये ठरलं, तिला मी एकटाच गैरहजर होतो.

पहिल्या सरावाला भागवत स्टोअरमधून तसाच आला. चेंडू हातात घेतला, दोन ढांगा टाकल्या आणि रिंगमध्ये वरून कोंबला. खांब हलला. आमचे एचआर हेड टिळेकर साहेब चहाचा कप धरून उभे होते, त्यांनी विचारलं, "हा आपला आहे?"

"नानाचा आहे. काँट्रॅक्टवर," मी म्हणालो.

टिळेकर साहेब जवळ गेले. खांद्यावर हात ठेवायचा होता, तो कोपरापर्यंतच पोचला. कोपर थोपटत ते म्हणाले, "कप आण. परमनंटचं बघू."

हे वाक्य टिळेकर साहेबांनी सात वर्षांत दर सीझनला म्हटलं. आम्हा बाकीच्यांना ते पाठ झालं, भागवतला मात्र दर वेळी खरं वाटायचं. परमनंट झालं की कंपनीच्या बसमध्ये जागा मिळते, आईचं नाव मेडिकल कार्डवर चढतं, आणि मुख्य म्हणजे आपण इथलेच आहोत हे उद्या सकाळीही खरं असतं. बाकी त्याला काही नको होतं. नाव नको, हारतुरे नकोत.

*

बुटांचा किस्सा त्याच वर्षीचा. भागवतच्या पायाला तेरा नंबरचा सेफ्टी शूज लागायचा आणि आमच्या स्टोअरमध्ये दहाच्या पुढे माल नव्हता. परचेसने सांगितलं, तेरा नंबरसाठी नवा व्हेंडर शोधावा लागेल, तीन कोटेशन लागतील, सँपल पास करावं लागेल. तोपर्यंत भागवत चपला घालून काम करायचा, आणि चपला घातल्याबद्दल सेफ्टीवाले त्याला दर सोमवारी मेमो द्यायचे.

सहा महिन्यांनी बूट आले. पुढे लोखंडी टोपी असलेले, वीट बांधल्यासारखे जड. त्याच संध्याकाळी आकुर्डीला मॅच होती. खेळाचे बूट टीमला मिळायचे होते, पण तेही परचेसमधूनच यायचे होते. भागवत सेफ्टी शूज घालून खेळला.

समोरच्या टीमने पहिली पाच मिनिटं त्याला अडवायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या दोघांच्या पायांवर तो उतरला, आणि त्यानंतर त्याच्या दोन हातांच्या आत कोणी आलं नाही. आम्ही मॅच आरामात जिंकलो. त्या महिन्यात सेफ्टी सप्ताह होता. खेळतानाही सुरक्षा साधनं वापरल्याबद्दल भागवतला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. देणारे मेमोवालेच होते.

*

तळेगावला आम्ही सेमी फायनल हरलो. दुसऱ्या दिवशी एमडी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मोरे, तुम्ही क्वालिटीचे आहात ना? मग या हरण्याचं व्हाय-व्हाय करा."

ज्यांनी कारखान्यात काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादा पार्ट नापास झाला की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, म्हणजे मूळ कारण सापडतं असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी फॉर्म घेतला आणि भरायला बसलो.

हरलो का? भागवतला शेवटच्या दहा मिनिटांत पळता आलं नाही. का? दमला होता. का? तिसरी पाळी करून सरळ मॅचला आला होता. का? सुपरवायझरने सोडला नाही. का? टार्गेट पूर्ण व्हायचं होतं आणि चौथ्या कप्प्यावरचा माल काढायला दुसरं कोणी नव्हतं.

मला वाटलं, व्वा, आयुष्यात पहिल्यांदा खरं मूळ कारण सापडलं. फॉर्म टिळेकर साहेबांकडे गेला. ते म्हणाले, "शेवटचे तीन का काढून टाका." उरलेल्या दोनांवर उपाय काय, हा रकाना राहिला होता. तिथे आम्ही नेहमी जे लिहितो तेच लिहिलं, 'संबंधित ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग देण्यात आलं.' ते अक्षर माझं होतं.

भागवतला अर्धा तास न दमण्याचं ट्रेनिंग दिलं. त्याने हजेरीपत्रकावर सही केली आणि मला विचारलं, "सर, आता पुढच्या मॅचला तरी पाळी बदलून मिळल का?" मी फाईल उघडून काहीतरी शोधत असल्याचं दाखवलं. तेव्हा मला माझी लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

*

मग ती लीग आली. व्यावसायिक लीग, टीमला मालक, खेळाडूंच्या पाठीवर नाव, सामने टीव्हीवर. ते चॅनेल कँटीनच्या टीव्हीवर शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. एका टीमच्या कोचने भागवतला आमच्या पार्किंगमध्ये खेळताना पाहिलं आणि उचललं. दोन महिन्यांचा करार होता.

भागवत सुट्टी मागायला गेला. टिळेकर साहेब म्हणाले, "काँट्रॅक्टवाल्यांना एवढी सुट्टी नसते." तोडगा नानाने काढला. "त्याचा ब्रेक आलाय न्हवं? वाढवून टाकू."

ब्रेक म्हणजे काय तेही सांगतो. काँट्रॅक्टवरच्या माणसाचं वर्ष भरत आलं की त्याचं नाव सिस्टीममधून काढतात. गेट पास बंद होतो. थोडे दिवस तो घरी बसतो आणि मग नवा माणूस म्हणून परत भरती होतो, नवा टोकन नंबर, नवा फोटो, नवा फॉर्म. त्यामुळे तो कागदावर कधीच जुना होत नाही. आमच्या शोकेसमध्ये भागवतची उत्कृष्ट खेळाडूची सात प्रमाणपत्रं आहेत, आणि सातांवर सात वेगळे टोकन नंबर आहेत. बाहेरच्या कोणी पाहिलं तर वाटावं, या कंपनीत सोनटक्के नावाची अख्खी टीम आहे.

तर भागवत त्या ब्रेकमध्ये लीग खेळला. आणि काय खेळला. मोठमोठ्या शहरांतले, परदेशात शिकून आलेले खेळाडू, त्यांच्या डोक्यावरून हा औशाचा गडी चेंडू काढून न्यायचा. सामना संपल्यावर चॅनेलच्या बाईने माइक पुढे करून विचारलं, "तुमच्या या झेपेचं रहस्य काय?" भागवत म्हणाला, "स्टोअरला असतो मॅडम. रॅक उंच हायत." कँटीनमध्ये आम्ही बाकं बडवली.

लीग एका सीझननंतर बंद पडली. का, ते बहुधा लीगवाल्यांनाही नीट माहीत नसावं. भागवत परत आला आणि नियमाप्रमाणे नवा माणूस म्हणून ट्रेनिंग हॉलमध्ये बसला. सोबत अठरा-वीस नवखी माणसं. ट्रेनिंगची मॅडमही नवीनच होती. कंपनीचा इतिहास झाला, कंपनीचं ध्येय झालं, आणि तिसऱ्या स्लाइडवर चेंडू रिंगमध्ये कोंबणाऱ्या एका खेळाडूचा भला मोठा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आमचा अभिमान.'

मॅडम म्हणाली, "तुम्हीही मन लावून काम केलंत तर एक दिवस यांच्यासारखे होऊ शकता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागवतनेही वाजवल्या. मी दारात उभा होतो, त्याच्या चेहऱ्यावरची रेष हललेली मला दिसली नाही.

*

लीगच्या त्या कौतुकात नानाने चाकणच्या चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्समध्ये डाव्या बाजूला नाना, गळ्यात साखळी, हातात मोबाईल. खाली शुभेच्छुक म्हणून नानाचे भाऊ, पुतणे, मेहुणे आणि दोन भावी नगरसेवक. मधोमध भागवत उभा. फ्रेम ठरलेल्या मापाची असते, आणि नानाचा फोटो बारीक करायची कोणाची टाप नव्हती. त्यामुळे भागवत वरून कापला गेला. मानेपर्यंत जर्सी दिसत होती, वर आभाळ होतं.

त्याच आठवड्यात भागवतची आई गावाहून आली. मोठ्या हौसेने तो तिला चौकात घेऊन गेला, मीही बरोबर होतो. म्हातारीने पदराने डोळ्यांवर सावली धरली, फ्लेक्स इकडून तिकडे दोनदा वाचल्यासारखा पाहिला आणि विचारलं, "ह्यात आपला भागवत कोन्ता?"

भागवतने खाली बोट दाखवलं. "ते बूट बघ की. तेरा नंबर."

नानाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, निदान डोकं तरी ठेवायचं होतं. नाना मनापासून म्हणाला, "आवो, डोकं कशाला पायजे? त्याला समदी वळखत्यात." आदल्या दिवशी चौकातून परत येताना म्हातारीने मला एकच विचारलं होतं. "साहेब, एवढं पोस्टर लागलंय, म्हंजे आता ह्याला कायम केला असंल ना?" मी म्हणालो, होईल. दुसरं काय म्हणणार.

*

त्यानंतर त्याचा डावा गुडघा बोलायला लागला. भागवत कधी तक्रार करायचा नाही, पण जिना उतरताना कठडा धरायचा. मला एकदा म्हणाला, "सर, गुडघा अजून एक-दोन सीझन म्हनायलाय. तोवर एकच टोकन नंबर झाला पायजे. नंतर मला कोन इचारतंय." ते सातवं वर्ष होतं. आणि त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो, तीही आमच्याच कोर्टवर. समोर तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीची टीम होती.

फायनल शनिवारी चारला होती. एमडी साहेब पांढरा टी-शर्ट घालून खुर्चीत बसले. माइकवर निवेदक आला. पावणेचारला मला गेटवरून फोन आला, "मोरे सर, मला आत घ्यायना."

मी धावत गेटवर गेलो. भागवत बाहेर, त्याचं कार्ड मशीनवर लाल दिवा दाखवत होतं. त्याचा ब्रेक आदल्या दिवशी सुरू झाला होता. सिस्टीमला फायनल कळत नाही, तिने बरोबर दिवशी नाव काढलं. गेटवर आमचे सिक्युरिटीचे मेजर, मिलिटरीतून रिटायर झालेले. मी म्हणालो, "मेजर, हा भागवत आहे. तुम्ही रोज बघता."

मेजर म्हणाले, "मी बघतो हो. सिस्टीम बघत नाही."

टिळेकर साहेब आले, त्यांनी फोनाफोनी केली. नानाचा क्लार्क शनिवारी दुपारनंतर फोन उचलत नाही. मॅच सुरू झाली होती आणि आम्ही मागे पडत होतो. शेवटी मेजरनी मार्ग काढला. "व्हिजिटर म्हणून घ्या."

भागवतने रजिस्टर भरलं. कोणाला भेटायचे, तिथे 'टिळेकर साहेब' लिहिलं. कामाचे स्वरूप, तिथे 'फायनल'. मग व्हिजिटरला दाखवायची सुरक्षेची फिल्म त्याला दाखवली, आग लागल्यास कुठे जमायचं ते. जमायची जागा म्हणजे आमचं बास्केटबॉल कोर्टच होतं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड, असा भागवत मध्यंतरानंतर कोर्टवर उतरला. हेल्मेट मी काढून घेतलं, कार्ड मात्र मेजर काढू देईनात.

आणखी एक नियम होता. व्हिजिटरला एकटं सोडायचं नसतं, ज्याला भेटायला आला त्याने सतत सोबत राहायचं असतं. मेजरनी तोही पाळला. भागवत या टोकाकडून त्या टोकाला पळाला की कडेने टिळेकर साहेब फॉर्मल बूट घालून पळत होते, आणि त्यांच्यामागून रजिस्टर घेऊन मेजर.

आम्ही बरोबरी साधली, तेवढ्यात तळवड्याचा मॅनेजर उठला. चष्मेवाला, शांत, हातात टॅब. अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, एक छोटीशी शंका होती. स्पर्धेचा नियम आहे की खेळाडू कंपनीचा नियमित कर्मचारी हवा, किमान एक वर्ष सलग. यांच्या गळ्यात तर व्हिजिटर लिहिलंय."

खेळ थांबला. पंच म्हणाले, हा कर्मचारी आहे असं लेखी द्या, नाहीतर मॅच त्यांना देतो.

एमडी साहेब उठले. "टिळेकर, लिहून द्या ना. त्यात काय?"

"सर, जरा तांत्रिक..."

"सात वर्षं बघतोय मी याला. आहे ना आपला?"

टिळेकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी रिंगकडे पाहिलं. मग ते केबिनमध्ये गेले आणि लेटरहेडवर पत्र टाईप करून आणलं. श्री. भागवत सोनटक्के हे आमचे कर्मचारी आहेत, असं त्यात होतं. एमडी साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "नियमात नियमित आणि सलग आहे, ते घाला. आणि एक वर्ष कशाला, सात घाला." टिळेकर साहेब परत गेले. दुसरं पत्र आलं. शिक्का झाला. सही करताना पेन दोनदा हवेतच थांबलं, मी बघत होतो. शेवटी सही झाली.

निवेदकाला वाटलं हे जाहीर करायचं आहे. त्याने माइकवर ते पत्र वाचलं. 'श्री. भागवत सोनटक्के हे गेली सात वर्षे सलग आमच्या कंपनीचे नियमित कर्मचारी आहेत.' कोर्टभोवती जाळीला लागून काँट्रॅक्टची सगळी माणसं उभी होती. ती टाळ्या वाजवायला लागली आणि थांबेनात. एवढ्या टाळ्या त्यांनी कुठल्या बास्केटला वाजवल्या नव्हत्या. भागवत चेंडू पोटाशी धरून खाली बघत उभा होता.

मॅच आम्ही दोन पॉइंटने जिंकलो. शेवटचं बास्केट त्याचंच. कार्ड उलटं होऊन पाठीवर गेलं होतं, आणि खाली उतरताना त्याने गुडघा धरला.

*

एमडी साहेबांना ते पत्र फार आवडलं. "कप तर काय, सगळेच जिंकतात. हे बघा, सात वर्षं सलग. याला म्हणतात निष्ठा." त्यांनी पत्राला काचेची फ्रेम करायला लावली आणि लॉबीत, रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर, खूप वर लावायला सांगितलं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक कस्टमरला दारातूनच दिसेल. बाहेरून माणूस आला, स्वतःची शिडी घेऊन आला, फ्रेम ठोकली आणि शिडी घेऊन गेला. उंची बरोबर स्टोअरच्या चौथ्या कप्प्याएवढी.

पंधरा दिवसांनी ब्रेक संपवून भागवत परत आला. आठवा फॉर्म, आठवा फोटो. टोकन नंबर अजून यायचा होता. तो रोज लॉबीतून जाताना मान वर करून एकदा ते पत्र वाचायचा. काँट्रॅक्टची बाकीची माणसंही यायला लागली, कोणी मोबाईलमध्ये फोटो काढायचं.

मग कळलं की बुधवारी कस्टमरचं ऑडिट आहे. या वेळी ते काँट्रॅक्टवरच्या कामगारांचे कागदही बघणार होते. मंगळवारी सकाळी टिळेकर साहेब लॉबीत आले, त्यांनी वर पाहिलं. मला बोलावलं.

"मोरे, हे उतरवायचंय. शिडी?"

"शिडीचं आपण निर्मूलन केलं, साहेब. कायझनमध्ये."

"बाहेरून मागवा."

"मागवतो. पण परमिट लागेल. कशासाठी चढायचं ते लिहावं लागेल, आणि सही तुमची."

त्यांनी रिसेप्शनची खुर्ची ओढली. तिला चाकं होती. दोन मिनिटं ते तिच्यावर चढायचा विचार करत होते, मग तो सोडला. एवढ्यात स्टोअरकडे जाणारा भागवत दारातून मान तिरकी करून आत आला. टिळेकर साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"भागवत, बरा आलास. ती फ्रेम जरा खाली काढून दे."

भागवतने फ्रेमकडे पाहिलं. मेजर गेटवरून आत आले होते, तेही थांबले. रिसेप्शनच्या मुलीने फोन कानापासून बाजूला केला. भागवत भिंतीजवळ गेला, टाचा जमिनीला घट्ट टेकवून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. सावकाश. फ्रेमच्या वीतभर खाली तो थांबला. बोटं लांब करून त्याने एकदा प्रयत्न केल्यासारखं केलं, मग हात खाली घेतला आणि पँटला पुसला.

"हात पुरंना, साहेब," तो म्हणाला.